मोरचुदाची अठरा वर्षे आणि फुकटचे खत

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग होती. अठरा वर्षे बाग धरली आणि गेल्या वर्षी काढून टाकली. आता त्या रानात मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, दोडका अशी भाजी करून ती सांगलीत थेट गिऱ्हाइकांना द्यावी, असा माझा विचार आहे. बागेला दरसाल एकरी साधारण दहा किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) बोर्डोतून, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणातून, जात असे. इतर औषधांचा हिशोबच नाही. विहिरीजवळ जिथे औषध कालवत होतो आणि ब्लोअर (फवारणीचे यंत्र) धूत होतो, त्या कोपऱ्यात आजही हरळीसुद्धा उगवत नाही. खालच्या बांधाला उन्हाळ्यात पांढरी फूट दिसते. शेजारच्या अर्ध्या एकरात ढोबळी मिरचीला वापरलेल्या मल्चिंग पेपरचे, म्हणजे मातीवर अंथरायच्या प्लॅस्टिकचे, तुकडे मातीत मिसळले आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेत तांबे ‘पुरेसे’ असे आले आहे. दीर म्हणतात, वरची फूटभर माती काढून तलावातला गाळ भरावा. शेजारी म्हणतात, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेले द्रावण) सोडा, सगळे विष मरून जाते. आणि एक जण एमआयडीसीतून काळे खत आणून टाकतो म्हणतो. खताचे पैसे नाहीत, फक्त ट्रॉलीचे भाडे. माती सुधारण्यासाठी यातले काय करावे?
— एक शेतकरी भगिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात काळजीच्या अनेक गोष्टी आहेत आणि त्यांतली जी गोष्ट आपण अगदी शेवटी, जवळजवळ सवलतीची संधी म्हणून लिहिली आहे, तीच मला सगळ्यात आधी घ्यावी लागते. ते काळे खत रानात येऊ देऊ नका. एक ट्रॉली नमुन्यादाखल बांधावर टाकून बघू, असेही म्हणू नका, कारण बांधावर पडलेली ट्रॉली परत भरून नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अठरा वर्षे बोर्डो पडलेली आपली जमीन आज जेवढी बिघडली असेल, त्याहून अधिक ती एका उन्हाळ्यात बिघडू शकते, आणि तो बिघाड भाजीच्या पानावर दिसणारही नाही.

याचे कारण समजण्यासाठी मातीत साचणाऱ्या अनिष्ट गोष्टींची एक साधी वाटणी ध्यानात ठेवावी. काही गोष्टी मातीत कुजतात किंवा मोडतात. आजकालची बहुतेक बुरशीनाशके आणि कीटकनाशके या गटात येतात, आणि ऊन, ओल व जिवाणू मिळून त्यांचे काही आठवड्यांत, काही महिन्यांत, क्वचित काही वर्षांत विघटन करतात. काही गोष्टी पाण्याबरोबर धुऊन जातात. क्षार हे त्याचे उदाहरण, मात्र पाण्याला खाली वाट असली पाहिजे. तिसऱ्या गटातल्या गोष्टी ना कुजतात ना सहजी धुपतात. तांबे, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे धातू आणि प्लॅस्टिक या गटातले. पहिल्या दोन गटांसाठी उपाय आणि धीर दोन्ही उपयोगी पडतात. तिसऱ्या गटाला मात्र आत येण्यापूर्वीच अडवावे लागते, कारण एकदा आत आलेला धातू आपल्या नातवंडांच्या काळातही त्याच मातीत असतो.

त्यातही धातू-धातूत फरक आहे. तांबे वाढले तर पहिला फटका पिकाच्या मुळांना, गांडुळांना आणि जिवाणूंना बसतो. मुळे आखूड, जाड, तपकिरी होतात, लोह उचलले जात नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. उचललेले तांबे बहुतांशी मुळातच अडकून राहते. म्हणजे खाणाऱ्याला धोका पोहोचण्याआधी पीकच तक्रार करते. कॅडमियमचे नेमके उलटे आहे. पालकाची जुडी हिरवीगार, टवटवीत दिसत असते आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात व हाडांत कॅडमियम वर्षानुवर्षे साचत असते. जपानमधल्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या गावांनी हे भोगले आहे. वरच्या अंगाला असलेल्या खाणीतले कॅडमियम नदीतून खाचरांत उतरले, भातात आले, आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः वयस्क बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असेच नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणामुळे होणारा आजार असल्याचे मान्य केले, आणि त्या खाचरांची माती बदलण्याचे काम पुढे सुमारे तीन दशके चालले. सरकारच्या पाठबळावर जे काम तीन दशके घेते, ते अडीच एकरवाल्या कुटुंबाने अंगावर ओढवून घेण्यात शहाणपणा नाही.

ट्रॉलीवाल्याचे खत तसेच असेल, असे मी म्हणत नाही. एखाद्या अन्नप्रक्रिया कारखान्याचा किंवा साखर कारखान्याच्या प्रेसमडसारखा (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीसारखा) माल असेल, तर तो नीट कुजवून वापरता येतो. परंतु धातूला मुलामा देणाऱ्या किंवा रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतला गाळ असेल, तर तो २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. त्याची रवानगी रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे व्हावी लागते आणि प्रत्येक फेरीबरोबर मालाची नोंद करणारा कागद असावा लागतो. तो खर्च वाचवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शेतकऱ्याचे रान. म्हणून त्या माणसाला दोन गोष्टी विचारा : माल कोणत्या कारखान्याचा, कोणत्या प्रक्रियेतला, आणि त्याचा धातूंचा तपासणी अहवाल कुठे आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसे १००, तांबे ३००, जस्त १०००, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घातलेल्या आहेत. अहवाल आलाच तर त्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. बहुधा तो येणार नाही. गावात अशा ट्रॉल्या इतरत्र पडत असतील, तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयाकडे ग्रामपंचायतीमार्फत लेखी तक्रार करावी. प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही केंद्राने २०२५ मध्ये काढले असून, संशयित जागा शोधून कळवण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकलेली आहे. एकट्याने तक्रार करून वैर घेण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव बरा, हे मी आपणास सांगायला नको.

आता मोरचुदाचा हिशोब मांडू. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. एकरी दहा किलो मोरचूद म्हणजे वर्षाला सुमारे अडीच किलो तांबे, आणि अठरा वर्षांत एकरी पंचेचाळीस किलोंच्या आसपास. एक एकर रानाच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने नऊ लाख किलो धरतात. म्हणजे आपण त्या थरात किलोमागे पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास तांब्याची भर घातली आहे, शिवाय बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मुळातच तांबे बऱ्यापैकी असते. तुलनेसाठी सांगतो : १८८५ च्या सुमारास ज्या फ्रान्समध्ये हे मिश्रण द्राक्षवेलीवर प्रथम रूढ झाले, त्या फ्रान्ससह सगळ्या युरोपीय संघात २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो तांबे एवढीच मुभा आहे. एकराच्या भाषेत वर्षाला सुमारे १.६ किलो. आपण त्यांच्या मर्यादेच्या दीडपट होतो. ही बाब चांगली नाही. परंतु रान टाकून देण्याइतकी वाईटही नाही. आपल्याकडची माती बहुतेक चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या घरात. अशा मातीत तांबे चुनखडी, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब यांना घट्ट चिकटून बसते आणि पिकाच्या वाट्याला थोडेच येते. हेच तांबे कोकणात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत, सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी वर्षानुवर्षे फवारले गेले असते, तर मी अधिक काळजीने लिहिले असते. याच कारणासाठी, कोणी आपल्याला गंधक टाकून सामू खाली आणण्याचा सल्ला दिला, तर तूर्त तो बाजूला ठेवा. सामू उतरला की चिकटलेले तांबे मोकळे होऊ लागते.

मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबून मात्र आपण ही काळजी मिटवू नये. २०१५ पासून मिळणारी ही पत्रिका बारा गोष्टी तपासते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ती पिकाला काय कमी पडते हे पाहण्यासाठी काढलेली आहे. तांब्याची कमतरतेची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम इतकी खाली आहे. तिच्या वर काहीही असले, दीडपट असो की शंभरपट, पत्रिका ‘पुरेसे’ म्हणूनच सांगणार. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, औषधांचे अवशेष तर ती पाहतच नाही. यात पत्रिकेचा दोष नाही. तिला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर तिने दिले आहे. आपला प्रश्न वेगळा आहे.

दीरांच्या सूचनेचा आदर ठेवून सांगतो, की वरची फूटभर माती काढणे हा हिशोबात न बसणारा उपाय आहे. एका एकराची फूटभर माती म्हणजे सुमारे अठराशे टन. साडेतीन टनांची ट्रॉली धरली तरी पाचशेहून अधिक ट्रॉल्या, आणि अडीच एकरांच्या बाराशे-तेराशे. एवढी माती टाकायची कुठे? ओढ्याच्या कडेला टाकली तर तांबे ओढ्यात. शिवाय मुळांना जो थर पोसतो तोच आपण खरवडून काढणार. गाळ भरण्याची कल्पना मात्र चांगली आहे, फक्त ती माती न काढता अमलात आणावी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून किंवा जवळच्या पाझर तलावातून गाळ मिळत असेल, तर आधी त्याची क्षारता व सामू तपासून तीन-चार इंचांचा थर पसरावा आणि नांगरून मिसळावा. तांबे त्याने नाहीसे होत नाही. ते पातळ होते. आजवर ते वरच्या चार-सहा इंचांत साचले आहे. खोल नांगरट आणि गाळ मिळून ते फूटभर जाडीत विखुरले, तर किलोमागचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, आणि अशा परिस्थितीत निम्मे हे काही कमी नव्हे.

शेजाऱ्यांचे जीवामृताविषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे. जे औषध जिवाणू मोडू शकतात, ते मोडण्याचे काम शेणखत, जीवामृत, हिरवळीचे खत यांनी वेगाने होते, आणि वाढलेला सेंद्रिय कर्ब तांब्यालाही धरून ठेवतो. पण तांबे हे मूलद्रव्य आहे. ते मरत नाही. आणखी एक सल्ला आपणास कोणी ना कोणी देईलच, तो म्हणजे मोहरी किंवा सूर्यफूल पेरून विष शोषून घेण्याचा. तोही हिशोबाने तपासू. एकरी चार टन वाळलेले पीक निघाले, आणि त्यात किलोमागे पन्नास मिलिग्रॅम इतके तांबे आले असे उदारपणे धरले, तरी हंगामाला दोनशे ग्रॅम तांबे बाहेर पडेल. पंचेचाळीस किलो बाहेर काढायला सव्वादोनशे हंगाम लागतील, आणि दर हंगामाला ते पीक रानाबाहेर नेऊन कुठे टाकायचे हा प्रश्न उरेलच. मोहरी पेरावी ती फोडणीसाठी, माती शुद्ध करण्यासाठी नव्हे.

आता तो विहिरीजवळचा कोपरा. पत्र वाचताना मी याच ओळीवर सर्वांत जास्त थांबलो. अडीच एकरात अठरा वर्षे जे पसरले, त्याचा मोठा हिस्सा तेवढ्याशा दोन-तीन गुंठ्यांत ओतला गेला असण्याची शक्यता आहे : कालवताना सांडलेले, पिंपाच्या तळाशी राहिलेला मोरचुदाचा गाळ, ब्लोअर धुतलेले पाणी, फुटलेल्या पुड्या, आणि कदाचित तिथेच जाळलेल्या बाटल्या. तिथल्या दगडांवर निळसर-हिरवट थर दिसत असेल, तर तो तांब्याचाच. त्या जागेला रानाचा भाग समजू नका. नांगर तिथे फिरवू नका, नाहीतर ती माती फाळाबरोबर सगळ्या रानात पसरेल. वरून येणारे पावसाचे पाणी त्या जागेवरून वाहून विहिरीकडे जाऊ नये, म्हणून या पावसाळ्याआधी तिच्याभोवती हातभर उंचीचा पक्का बांध घाला आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी वळवा. तिथली माती उकरून काढण्याचा मोह टाळावा. काढलेली माती ठेवायला आपल्याकडे सुरक्षित जागा नाही. माझ्या मते त्या जागेचा उत्तम उपयोग म्हणजे तिच्यावर काँक्रीटची फरशी घालून अवजारांचे शेड उभारणे. प्रदूषित माती जागच्या जागी झाकून टाकणे हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे आणि शेड तर भाजीसाठी आपल्याला लागणारच आहे. फक्त खत व बी-बियाणे त्या शेडमध्ये उघड्यावर ठेवू नका. विहिरीचे पाणी मात्र शेडआधी तपासा, विशेषतः घरात पिण्यासाठी ते वापरत असाल तर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट दिलेली आहे. तांब्याबरोबर नायट्रेट, क्षारता आणि औषधांचे अवशेष यांचीही तपासणी मागा.

पुढे भाजीवर जे काही फवाराल, ते कालवण्याची जागा विहिरीपासून दूर, सपाट आणि दरवेळी बदलती ठेवा. बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत घाला आणि पंप धुतलेले पाणी पिकावरच फवारून संपवा. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतकरी याच कामासाठी एक खड्डा करतात : निम्मे काड, पाव हिस्सा माती, पाव हिस्सा कुजलेले सेंद्रिय द्रव्य, आणि वर गवत. त्यावरच पंप भरायचा आणि धुवायचा. सांडलेले औषध त्या काडात वाढणारी बुरशी व जिवाणू मोडतात. आपल्याकडे उसाचे पाचट आणि कंपोस्ट वापरून हे सहज होईल. बोर्डोला मात्र हा उपाय चालणार नाही, कारण वर सांगितलेच आहे.

माती तपासणी आपण नव्याने करून घ्यावी, आणि तिचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या बागेचा मी पंधरा ठिकाणचा मिळून एकच नमुना पाठवला. अहवाल निर्धोक आला, आणि पुढच्या हंगामात बागेच्या एका कडेची काकडी जमिनीतून वरच आली नाही. चांगल्या मातीत वाईट माती मिसळली की सरासरी नेहमी बरी दिसते. आपण मुख्य रानाचा एक नमुना पंधरा सेंटिमीटरपर्यंतचा आणि दुसरा त्याच खड्ड्यांतून पंधरा ते तीस सेंटिमीटरचा घ्या. तिसरा कोपऱ्याचा, चौथा खालच्या बांधाचा. पाचवा नमुना मात्र बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे जिथे कधीच फवारणी झाली नाही अशा जवळच्या पडीक गवताळ जागेचा. त्याच्याशिवाय आपल्या रानात मुळातले तांबे किती आणि आपण घातलेले किती, हे कळायला मार्ग नाही. रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, त्याच्या भिंतीवरची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचे किंवा लाकडी साधन वापरा. जस्ताचा मुलामा असलेले घमेले नको, पितळी भांडे नको, खताच्या रिकाम्या पिशव्या तर मुळीच नकोत. माती स्वच्छ प्लॅस्टिकवर एकत्र करून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेल्याचे पुन्हा तसेच, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, पेन्सिलीने चिठ्ठी लिहा. शाई ओलीने फुटते. राष्ट्रीय मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी, तसेच तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांचे ‘एकूण’ प्रमाण, आणि तांब्याचे ‘उपलब्ध’ प्रमाणही मागा. एकूण किती आहे आणि त्यातले पिकाच्या हाती किती लागते, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असले तरच निर्णय करता येतो.

अहवाल येईपर्यंत घरच्या घरी एक परीक्षा घेता येईल, आणि खरे सांगायचे तर महागड्या अहवालापेक्षा मला ती अधिक आवडते. सारख्या आकाराच्या कुंड्या किंवा तळाला भोक पाडलेले डबे घ्या. एकात पडीक जागेची माती, दुसऱ्यात रानाची, तिसऱ्यात कोपऱ्याची. प्रत्येकात मेथीचे वीस दाणे आणि काकडीचे पाच दाणे पेरा, एकाच चांगल्या पाण्याने तिन्ही भिजवा, आणि तीन आठवड्यांनी रोपे न ओढता कुंडी पाण्यात बुडवून, माती सैल करून काढा. मुळे धुऊन पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा. पडीक जागेच्या रोपांना पांढरी, बारीक तंतूंची दाट मुळे असतील आणि रानाच्या रोपांना आखूड, जाडसर, तपकिरी, तंतू नसलेली मुळे असतील, तर तांबे त्रास देत आहे असे समजा. रोप उगवून काही दिवसांनी पाने वेडीवाकडी होत असतील किंवा पांढरी पडून करपत असतील, तर बागेत वेलीखाली मारलेल्या तणनाशकाचा अंश शिल्लक असावा. तो पहिल्या गटातला, म्हणजे काळ आणि शेणखत यांनी जाणारा. पावसाळ्यात ओल झाल्यावर फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा काढून गांडुळेही मोजा, रानात एक आणि पडीक जागेत एक. हा आकडा दरसाल त्याच आठवड्यात वहीत लिहिला, तर पाच वर्षांनी आपल्याला माती सुधारते आहे की नाही हे कोणाला विचारावे लागणार नाही.

पिकांचा क्रम मी थोडा बदलून सुचवतो. पहिल्याच हंगामात मेथी, पालक, कोथिंबीर नको, मुळा-गाजरही नको. पालेभाज्या धातू अधिक उचलतात आणि पावसाच्या शिंतोड्यांनी त्यांच्या पानांवर मातीही चिकटते. जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच गाडा, त्यावर एकरी आठ-दहा टन चांगले कुजलेले शेणखत द्या, आणि मग दोडका, गवार, भेंडी, टोमॅटो अशी फळभाजी घ्या. टोमॅटोवर करप्यासाठी पुन्हा तांबेयुक्त औषधाकडे हात जाईल, तो आवरा. सेंद्रिय शेतीत बोर्डोला मुभा आहे, म्हणून ते निरुपद्रवी असा समज पसरलेला आहे, आणि आपल्या रानाला तोच समज सर्वांत महाग पडला आहे.

खालच्या बांधाच्या पांढऱ्या फुटीविषयी थोडक्यात लिहितो, कारण अहवालाशिवाय औषध सांगणे चुकीचे ठरेल. क्षार जास्त पण सामू साडेआठच्या खाली असेल, तर चर काढून निचरा करणे आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊ देणे पुरेसे होते. सामू साडेआठच्या वर गेला असेल, माती ओली असता चिकट आणि वाळली की दगड होत असेल, तर ती चोपण होत चालली आहे. तिथे जिप्सम लागते, पण निचऱ्याशिवाय टाकलेले जिप्सम वाया जाते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात या विषयाचे जाणकार आहेत. अहवाल घेऊन प्रत्यक्ष जावे. मल्चिंग पेपरच्या तुकड्यांवर मात्र हाताने वेचण्याखेरीज दुसरा उपाय नाही. रोटर फिरवण्याआधी वेचावे, कारण रोटरने एका तुकड्याचे पन्नास होतात. पेटवू नये. पुढे पेपर वापरायचाच झाला, तर जाड घ्यावा म्हणजे तो अखंड निघतो. ‘आपोआप विरघळणारा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक पेपर विरघळतोच असे नाही, कित्येकांचे नुसते बारीक तुकडे होतात. टोमॅटोला उसाचे पाचट चांगले काम देते आणि आपल्या भागात त्याला तोटा नाही.

राहिला गिऱ्हाइकांचा प्रश्न. पहिल्या दिवसापासून ‘विषमुक्त’ अशी पाटी लावू नये. प्रमाणित सेंद्रिय म्हणवून घ्यायचे, तर सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतर काळ धरावा लागतो. तोवर ‘जुन्या द्राक्षबागेच्या रानातली भाजी, मातीचा अहवाल पाहायला मिळेल’ असे सांगून विकलेली भाजीही सांगलीत खपेल, असा माझा अंदाज आहे. पहिल्या तोड्याची एक-एक किलो भाजी धातू आणि औषधांच्या अवशेषांसाठी तपासून घ्या. पालेभाजीचा निर्णय त्या अहवालावर सोडा.

नमुने मे महिन्यातच, वळवाच्या आधी घ्या. पाचही चिठ्ठ्यांवर जागा, खोली आणि तारीख लिहा. अहवाल आले की आकडे मला कळवा, कोपऱ्याचे आणि पडीक जागेचे विसरू नका. आणि तो ट्रॉलीवाला पुन्हा आला, तर त्याला अहवाल मागा.